माळव्याची अफू, सोलापूरचे डॉक्टर

चिनी क्रांतीचा मागोवा घेताना सुरुवात बीजिंगपासूनच करायला हवी असं नाही. माळव्यात देवास-उज्जैनकडे जाताना जी काळी जमीन लागते, तिच्यापासून केली तरी चालेल. देवास-धारच्या पवारांच्या आणि शेजारच्या होळकर-शिंद्यांच्या मुलखात एकोणिसाव्या शतकभर हिवाळ्यात खसखशीची फुलं डोलत. फुलं गळली की हिरव्या बोंडांना दुपारी चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरू द्यायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत तो खरवडून घ्यायचा. वाळू नये म्हणून माळव्यात तो अळशीच्या तेलात ठेवत. मग त्याच्या वड्या व्हायच्या, वड्या पेट्यांत जायच्या, आणि पेट्यांचं मोठं गिऱ्हाईक चीनमध्ये.

बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनी सरकारकडे होता. माळव्यात तो नव्हता, कारण इथली जमीन संस्थानांची. 1818 मध्ये मराठ्यांचा पाडाव झाल्यावरही कंपनीला हा धंदा मोडता आला नाही. तिने माल विकत घेऊन पाहिला, संस्थानिकांशी करार करून पाहिले. व्यापारी मात्र पाली, जैसलमेर, कराची अशा आडवाटेने पेट्या पोर्तुगीजांच्या दमणला उतरवत राहिले. अखेर 1830 मध्ये कंपनीने हात टेकले: पेटीमागे 175 रुपये भरा, परवाना घ्या आणि उजळ माथ्याने मुंबईहून माल पाठवा. 1843 मध्ये सिंध इंग्रजांनी घेतल्यावर आडवाट आवळली गेली आणि परवान्याचा दर चढत गेला. सर जमशेटजी जीजीभाईंची पेढी ज्या चिनी व्यापारावर गबर झाली त्यात ही अफू होती. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात मुंबई आजही उपचार घेते.

1839 मध्ये चिनी आयुक्त लिन झशू यांनी कॅन्टनजवळ हूमनला वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून चुना-मिठाच्या पाण्यात विरघळवल्या. त्यांत माळव्याचा माल थोडाथोडका नव्हता. त्यावरून युद्ध झालं, 1842 च्या नानकिंग तहात हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली. अफूनेच छिंग राजवट बुडवली असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं. ताइपिंग बंडात (1850-64) कोट्यवधी माणसं मेली, 1895 मध्ये जपानने नाक कापलं, दरबाराने सुधारणा केल्या त्याही उशिरा. 1911 च्या 10 ऑक्टोबरला वूचांगमध्ये सैनिक उठले आणि पुढच्या फेब्रुवारीत सहा वर्षांच्या पू यीच्या नावाने राजत्यागाचा फतवा निघाला. हिंदुस्थानातून चीनला होणारी अफूची विक्री सरकारने 1913 मध्ये थांबवली. तोवर सिंहासन जाऊन वर्ष उलटलं होतं.

पुढे लष्करी सुभेदारांची भाऊबंदकी, 1921 मध्ये शांघायला कम्युनिस्ट पक्षाची स्थापना, 1927 मध्ये चँग कै-शेक यांनी केलेली कम्युनिस्टांची कत्तल, मग लाँग मार्च आणि 1937 चं जपानी आक्रमण.

इथे आपल्या ओळखीचं नाव येतं. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. वूचांगच्या उठावाच्या बरोबर एक वर्ष आधीचा. काँग्रेसने 1938 मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. उत्तर चीनमधल्या बेथून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्याने 32 व्या वर्षी वारले. शांतारामबापूंनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनशी असलेल्या आपल्या नात्याची खातेवही आपण त्या पानावर उघडतो आणि तिथेच मिटतो. आधीची पानं अफूची आहेत, ती कोणी काढत नाही.

नंतरचं एक पानही अफूचंच आहे. कोटणीस आघाडीवर होते त्याच सुमारास, नाकेबंदीमुळे खजिना आटल्यावर यनानच्या कम्युनिस्ट प्रशासनाने अफू पिकवून विकली. कागदोपत्री तिला ‘विशेष उत्पादन’ म्हणत. तैवानचे इतिहासकार चेन युंग-फा यांनी ते हिशेब उजेडात आणले. 1949 मध्ये सत्ता आली आणि फेब्रुवारी 1950 मध्ये याच पक्षाने अफूबंदीचा हुकूम काढला. पुढच्या दोन-तीन वर्षांत गल्लोगल्ली सभा झाल्या, व्यसनींची नोंद झाली, बड्या तस्करांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि शतकभराचा बाजार उठला.