आभासी यंत्र आणि संदर्भ-व्यवस्थापन

एका संगणकाच्या यंत्रसामग्रीवर आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे आभासी यंत्र होय. त्याला स्वतःची परिचालन प्रणाली, स्मृती, साठवण चकती व पडदा असतो; मात्र ही सर्व सामग्री मूळ संगणकाकडून उसनी घेतलेली असते. मूळ संगणकाच्या प्रणालीस यजमान प्रणाली व आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रणालीस अतिथी प्रणाली म्हणतात. संशोधनासाठी वापरलेले ग्रंथ, लेख, प्रबंध व दप्तरे यांच्या नोंदी ठेवणे, त्यांवरील टिपणे जपणे आणि लेखनात त्यांचे हवाले ठराविक पद्धतीने देणे, या कार्यास संदर्भ-व्यवस्थापन ही संज्ञा आहे. या कार्यासाठी तयार झालेल्या काही आज्ञावली केवळ विंडोज प्रणालीवर चालतात. संशोधकाजवळ मॅक संगणक असल्यास त्या चालविण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे आभासी यंत्र होय.

संदर्भ-व्यवस्थापनाचा विकास : संगणकापूर्वी प्रत्येक ग्रंथाची नोंद स्वतंत्र पत्त्यावर करून ते पत्ते वर्णानुक्रमे खणांत लावीत. मराठीत शं. ग. दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची ही व्यक्तिगत परिश्रमातून उभ्या राहिलेल्या संदर्भकार्याचा मोठा नमुना असून तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांच्या नोंदी आहेत. १९८० नंतरच्या दशकात वैयक्तिक संगणकासाठी रेफरन्स मॅनेजर, एंडनोट इ. आज्ञावली निघाल्या. एंडनोट विंडोज व मॅक या दोन्ही प्रणालींवर उपलब्ध झाली. रेफरन्स मॅनेजर मात्र पुढे विंडोजपुरतीच राहिली. तिची विक्री २०१५ च्या अखेरीस थांबली व नंतरच्या वर्षअखेर तिचे साहाय्यही बंद झाले. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली सिटावी ही आज्ञावली टिपणे व उतारे यांच्या मांडणीसाठी विशेष उपयुक्त असली, तरी तिची संगणकावर बसवावयाची आवृत्ती विंडोजसाठीच आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून प्रसिद्ध झालेली झोटेरो ही मुक्त आज्ञावली विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते.

सोलापुरातील संशोधनाच्या गरजा : सोलापूर हे मराठी, कन्नड व तेलुगू या भाषांच्या संगमावरील शहर असल्याने तेथील इतिहास, भाषा वा उद्योग यांच्या अभ्यासकाची संदर्भसूची सहसा एका लिपीत मावत नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात पुकारलेला लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना झालेली फाशी, या विषयावरील साधनांत इंग्रजी सरकारी कागद, मराठी वृत्तपत्रे व आठवणी यांचा समावेश होतो. जुन्या इंग्रजी साधनांत शहराचे नाव ‘शोलापूर’ अशा उच्चाराचे, तर अलीकडील साधनांत ‘सोलापूर’ असे येते. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९४३ मध्ये निघालेल्या तिलोयपण्णत्ति या प्राकृत ग्रंथासारख्या प्रकाशनांची नोंद करतानाही हाच भेद आढळतो. प्रबंधांच्या बाबतीत संस्थेचे नाव बदलते : सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, त्या वर्षी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले व २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. नोंदीत प्रकाशनस्थळ व संस्था ही त्या साधनावर छापल्याप्रमाणेच लिहावी लागतात आणि शोधासाठी त्यांचे पर्याय वेगळे नोंदवावे लागतात. अशा रीतीने अनेक वर्षे जमविलेला संग्रह हे संशोधकाचे खरे भांडवल असते. संगणक बदलल्यामुळे तो उघडेनासा झाल्यास श्रम वाया जातात. इतकेच नव्हे, तर कोणते विधान कोणत्या साधनावर आधारले होते, हा धागाही तुटतो.

कार्यतत्त्व : विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली मॅकवर सरळ का चालत नाही, हे सोलापुरी चादरीच्या विणकामावरून समजू शकते. जकार्ड यंत्रणेत भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. भोकांच्या मांडणीनुसार ताण्याचे ठराविक धागे उचलले जातात व नक्षी उमटते. नक्षी पत्त्यांत असली, तरी ते पत्ते ज्या मापाच्या जकार्डसाठी पाडलेले असतात, त्याच मापाच्या जकार्डवर चालतात. त्याचप्रमाणे आज्ञावली ही विशिष्ट प्रक्रियकाचे आदेश व विशिष्ट परिचालन प्रणालीच्या सेवा गृहीत धरून तयार केलेली असते. आभासी यंत्र या आज्ञावलीस तिला अपेक्षित असलेली प्रणाली पुरविते. यजमान व अतिथी या दोहोंमध्ये पर्यवेक्षक आज्ञावली असते. ती अतिथीचे बहुतेक आदेश प्रक्रियकाकडे सरळ जाऊ देते आणि यजमानाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करू शकणारे आदेश तेवढे अडवून स्वतः हाताळते. दोन्ही प्रणालींच्या प्रक्रियकांचे आदेशसंच भिन्न असल्यास मात्र प्रत्येक आदेशाचे भाषांतर करावे लागते. त्यास अनुकरण म्हणतात; त्याचा वेग बराच कमी असतो.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याचे प्रयोग केले व १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्रासाठी प्रक्रियकात कोणते गुण असावे लागतात, याचे सैद्धांतिक विवेचन केले. वैयक्तिक संगणकांवर हे तंत्र व्हीएमवेअर कंपनीच्या १९९९ मधील उत्पादनाने रूढ केले. मॅक संगणकांत २००६ पासून इंटेलचे प्रक्रियक आल्यामुळे यजमान व विंडोज यांचा आदेशसंच एकच झाला. त्याच वर्षी पॅरलल्स डेस्कटॉप व पुढील वर्षी व्हीएमवेअर फ्यूजन या पर्यवेक्षक आज्ञावली मॅकसाठी निघाल्या. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने स्वतःचे एआरएम जातीचे प्रक्रियक वापरण्यास आरंभ केल्यावर ही अनुकूलता संपली. संगणक सुरू करतानाच विंडोज निवडण्याची बूट कॅम्प ही सोयही या नव्या संगणकांत नाही. त्यांच्यावर एआरएमसाठी बनविलेली विंडोज ११ ही अतिथी प्रणाली बसवितात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्स डेस्कटॉपमधील अशा वापरास मान्यता दिली. जुन्या विंडोज आज्ञावलींचे आदेश ही प्रणाली स्वतः भाषांतरित करते. परिणामी येथे दोन थर असतात : प्रणालीसाठी आभासी यंत्र व आज्ञावलीसाठी भाषांतर.

प्रत्यक्ष वापर : विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट स्मृती व ६४ गिगाबाइट साठवण लागते. ही सामग्री यजमानाच्या वाट्यातून जात असल्याने ८ गिगाबाइट स्मृतीच्या मॅकवर काम मंदावते, तर १६ गिगाबाइट असल्यास ते सुकर होते. विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. लेखनात हवाले घालणारी जोड-आज्ञावली त्याच प्रणालीतील वर्डशी संपर्क साधते. त्यामुळे वर्डही अतिथी विंडोजमध्येच बसवून हस्तलिखित तेथेच लिहावे लागते. मॅकवरील वर्डला विंडोजमधील संदर्भसंग्रह दिसत नाही. संग्रहाची संचिका अतिथीच्या चकतीवर ठेवणे सुरक्षित असते. यजमान व अतिथी यांच्या सामायिक कप्प्यात किंवा महाजालावर आपोआप जुळविल्या जाणाऱ्या कप्प्यात ती उघडी असताना दोन्हींकडून बदल झाल्यास बिघडण्याचा संभव असतो. लेखांच्या प्रतींचे मार्ग दोन्ही प्रणालींत वेगळ्या रीतीने लिहिले जात असल्याने त्या प्रती हलविल्यास नोंदींशी असलेले त्यांचे दुवे तुटतात. आभासी यंत्राची क्षणस्थिती साठवून ठेवता येते. पण ती त्याच चकतीवर राहत असल्याने तिला राखीव प्रत मानता येत नाही. संग्रहाची निराळी प्रत बाहेरील चकतीवर नियमितपणे घेणे आवश्यक ठरते.

देवनागरी नोंदींचा प्रश्न : युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या टंकांत लिहिला जाई. त्यांत रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या संकेतांकांवर देवनागरी अक्षरांचे भाग बसविलेले असत. अशी नोंद योग्य टंक असलेल्या विंडोजमध्ये नीट वाचता येते; टंक नसल्यास तेथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. आभासी यंत्रात जुना टंक बसविल्यास नोंद पुन्हा वाचता येते, परंतु तिचे मूळ स्वरूप बदलत नाही. ती बाहेर काढताच पुन्हा निरर्थक होते. यासाठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व इकार मूळ साधनाशी पडताळावे लागतात. युनिकोडमधील नोंदींना ही अडचण नाही. मात्र मराठी कळफलक अतिथी प्रणालीत स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो.

मर्यादा व स्थलांतर : आभासी यंत्रामुळे जुनी आज्ञावली चालू राहते, पण तिचे आयुष्य वाढत नाही. अतिथी प्रणालीस सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबू शकते. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. प्रक्रियकांची जात बदलली, की जुने आभासी यंत्रही निरुपयोगी होऊ शकते, हे २०२० नंतर मॅकच्या बाबतीत दिसून आले. यास्तव आभासी यंत्र हे संग्रहाचे कायमचे घर न मानता नव्या व्यवस्थेकडे जाण्याचा पूल मानणे श्रेयस्कर होय. नोंदी आरआयएस किंवा १९८५ मध्ये निघालेल्या बिबटेक या साध्या मजकुराच्या स्वरूपांत निर्यात करता येतात. आरआयएसमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी लेखक, शीर्षक, वर्ष इ. घटक दर्शविणारी दोन चिन्हांची खूण असते; त्यामुळे अन्य आज्ञावली ती वाचू शकतात व मनुष्यासही ती उघडून तपासता येते. मात्र वर्गवारी, उताऱ्यांवरील भाष्ये व संलग्न प्रती या स्वरूपांत पूर्णपणे उतरतीलच असे नाही. हस्तलिखितात आधी घातलेले हवालेही मूळ आज्ञावलीशीच बांधलेले असतात. म्हणून चालू प्रबंध पूर्ण होईपर्यंत जुनी व्यवस्था आभासी यंत्रात ठेवणे आणि दरम्यान निर्यात केलेल्या नोंदींची संख्या व काही निवडक नोंदींचा तपशील मूळ संग्रहाशी ताडून पाहणे, ही पद्धत उपयुक्त ठरते. पत्त्यांचा खण कोणालाही उघडता येत असे; संगणकीय संग्रहाला तोच गुण खुल्या स्वरूपातील निर्यातीमुळे लाभतो.