उसाला चौदा दिवस, तासाला किती?

डिसेंबरात कोल्हापूरच्या कसबा बावड्याची पहाट उसाच्या ट्रॉल्यांच्या आवाजाने उजाडते. राजाराम कारखान्याचे गाळप जोरात असते, रस्त्याकडेला वाडे पडलेले असते आणि हवेत मळीचा वास असतो. अशाच एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, अंगणात उभे राहून मोबाइलवर बँकेचा मेसेज वाचत होते. उसाचे बिल पडले होते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारले, "तुझं जूनपास्नंचं आलं का?"

"नाही अजून."

"मग सहा म्हैनं कशावर काढलंस?"

मी तेव्हा एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. सगळे याला 'सीएचबी' म्हणतात. नेट झालेले, पीएच.डी. झालेली, वर्गातली मुले 'सर' म्हणत होती आणि महिन्याचा किराणा बायकोच्या पगारावर चालला होता. तात्यांचा प्रश्न साधा होता, पण तो माझ्या डोक्यातून गेला नाही. तोडलेल्या उसाच्या पैशाला मुदत आहे, शिकवलेल्या तासाच्या पैशाला का नाही?

उसाचे आधी सांगतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यायची असते. उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज. तरीही थकवलीच, तर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. कारखाने ही मुदत नेहमी पाळतात असे नाही, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण मुदत लिहिलेली असल्यामुळे भांडायला जागा राहते. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपीचे हप्ते पाडणारा निर्णय काढला, तेव्हा शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. कायद्यात 'चौदा दिवस' हे शब्द नसते तर कोर्टात दाखवायला हातात काय राहिले असते?

आता तासिकेचे गणित. २०२३ मध्ये शासनाने दर वाढवले: कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत पदवीच्या वर्गांना तासाला ९०० रुपये, पदव्युत्तरला १,०००. ऐकायला बरे वाटते. पण हा तास घड्याळाचा, साठ मिनिटांचा, आणि कॉलेजची तासिका ४८ मिनिटांची. म्हणजे एका तासिकेचे ७२० रुपये. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासांची मर्यादा. माझ्या नोंदवहीत आठवड्याला अकरा तासिका होत्या. तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला घटक, माझी सही, विभागप्रमुखांची सही. अकरा गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे ५२८ मिनिटे, ८.८ तास. चार आठवड्यांचे ३१,६८० रुपये. हा भरलेला महिना. त्यातून गणपती, दिवाळी, परीक्षा, निकाल, मे महिना वजा करायचे. गॅदरिंगचा दिवस, नॅकची तयारी, पेपर तपासणीला लागणारी संध्याकाळ यांना नोंदवहीत रकानाच नाही. वर्षाची बेरीज अडीच लाखांच्या पुढे जाताना मी पाहिली नाही. शेजारच्या खुर्चीत तेच पुस्तक शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगाने महिना ५७,७०० ठरवले आहे, महागाई भत्ता वेगळा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याचा पगार योग्यच आहे. तक्रार मधल्या दरीबद्दल आहे.

पैसे उशिरा का येतात, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण यात एखाद्या माणसाचा दुष्टपणा नसतो. जून-जुलैत प्रवेश झाल्यावर वर्कलोड ठरतो. मग जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता. वर्ग मात्र आधीच सुरू झालेले असतात, मुले बसलेली असतात, म्हणून शिकवणेही सुरू होते. मान्यतेचे पत्र आले की बिल सहसंचालक कार्यालयाकडे जाते, तिथे तपासणी, त्रुटी, फेरसादरीकरण आणि मग अनुदान येण्याची वाट. प्रत्येक टेबलाला आपापले काम आहे, पण कोणत्याच टेबलाला तारीख नाही. पुढच्या जूनमध्ये तोच माणूस त्याच विषयासाठी पुन्हा नवा उमेदवार होऊन मुलाखतीला बसतो.

पैसे आले की कर येतो. अनेक ठिकाणी हे मानधन पगार न धरता 'व्यावसायिक फी' धरतात, म्हणजे जुन्या आयकर कायद्याचे कलम १९४ जे. डॉक्टर, वकील, सल्लागार यांच्यासाठीचे कलम. पूर्वी वर्षाला ३०,००० आणि एप्रिल २०२५ पासून ५०,००० ओलांडले की सरळ दहा टक्के कपात. माझ्या ३१,६८० मधले ३,१६८ गेले, हातात आले २८,५१२. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली, म्हणजे कर शून्य, तरी कपात होतेच. बँकेतल्या व्याजासाठी १५ जी फॉर्म भरून कपात थांबवता येत असे, या कलमाला ती सोय नव्हती. कमी कपातीचा दाखला मिळवायला फॉर्म १३ भरावा लागे, पण तो कोणी कॉलेजच्या लेखनिकाकडे नेल्याचे मी पाहिले नाही. मग विवरणपत्र भरायचे आणि परताव्याची वाट पाहायची. पगारदाराला नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, ती इथे लागू होत नाही. जुन्या कायद्यात पगारदाराला फॉर्म १६ मिळे, आम्हाला १६ ए. एवढ्या एका अक्षरावरून घरकर्जाच्या खिडकीवरची बाई म्हणते, "सर, सॅलरी स्लिप नाही का?"

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, पण शिकवण्याच्या मानधनाला पगार म्हणायचे की फी, हा प्रश्न सुटल्याशिवाय त्या खिडकीवरचे उत्तर बदलणार नाही.

करातही मुदती आहेतच, हे इथे सांगायला हवे. भरायचा कर बाकी असताना विवरणपत्र उशिरा दिले तर सरकार महिन्याला एक टक्का व्याज घेते. परतावा उशिरा आला तर सरकार महिन्याला अर्धा टक्का देते. दर समान नाहीत, पण दोन्हीकडे उशिराची किंमत लिहिलेली आहे. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात खडी फोडणाऱ्याची मजुरी पंधरा दिवसांत द्यायचे बंधन होते, पुढच्या प्रत्येक दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तोच मुळी रोजगार हमीसाठी. मजुराच्या मुदतीचा विचार करणाऱ्या या राज्याला मास्तराची मुदत का सुचली नाही?

एक कारण कायद्यातच आहे. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नाही. त्यामुळे कारखान्यातल्या कामगारासारखे त्या कायद्याने दाद मागायचे दार शिक्षकाला बंद झाले. ज्ञानदान हे काम इतके मोठे मानले की त्याच्या मजुरीबद्दल बोलणेच कमीपणाचे ठरले.

आणि पात्रतेचे नियम तर दर दोन वर्षांनी पायाखालून सरकतात. जून २०२४ ची नेट १८ तारखेला झाली आणि १९ तारखेला रद्द झाली. मुले गावाहून पहाटेच्या एसटीने कोल्हापुरात येऊन पेपर देऊन गेली होती. 'यूजीसी-केअर' यादीतल्या नियतकालिकात शोधनिबंध छापून यावा म्हणून कितीजणांनी रात्री घातल्या, ती यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. भरतीचेही तसेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागांना मान्यता मिळाली. ती भरती चालू असतानाच मे २०२० मध्ये करोनामुळे नोकरभरती थांबली आणि उरलेल्या २,०८८ जागांसाठी नोव्हेंबर २०२१ उजाडला. तोवर २०१८ चे तरुण चाळिशीकडे झुकले होते.

नियम कागदावर चांगले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांत लिहिले आहे की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. अतिथी व्याख्यात्यांसाठी २०१९ मध्ये त्याच आयोगाने तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला ५०,००० पर्यंतची मर्यादा सांगितली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणीचा हक्क दिला आणि गुरूचे नुसते स्तोत्र म्हणून भागत नाही, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. सगळ्या रिक्त जागा भरा, ही मागणी खरीच आहे आणि ती सोडू नये. पण तिला वर्षे लागतील. मुदतीला वर्षे लागत नाहीत.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म याच बावड्यातल्या लक्ष्मीविलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. त्यांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते नुसत्या भाषणाने नव्हे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवून. मुदत आणि दंड लिहिला की काम होते, हे या गावाला कोणी नव्याने सांगायला नको.

म्हणून उच्च शिक्षण विभागाला एवढीच विनंती आहे. तासिका तत्त्वाचा पुढचा शासन निर्णय काढाल, तेव्हा दराच्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: महिना संपल्यापासून चौदा दिवसांत मानधन खात्यावर जमा व्हावे, उशीर झाल्यास उसाला मिळते तेवढे व्याज मिळावे. आणि वाचकहो, जूनमध्ये मुलाचा प्रवेश घ्यायला कॉलेजात जाल तेव्हा फी विचारून झाल्यावर आणखी एक गोष्ट विचारा: माझ्या मुलाला शिकवणाऱ्यांपैकी किती जणांना मागच्या महिन्याचे पैसे मिळालेत?