चुलीचं धुराडं धूर उलटा का फेकतं? तपासणी, सफाई आणि डागडुजी सोप्या भाषेत

दिवाळीत आजीकडे कोहमाऱ्याला गेलो होतो. गोंदियाहून येणारा रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गाला मिळतो, तिथलं हे गाव. घरात सिलिंडर आहे, पण आंघोळीचं पाणी आणि भात अजूनही धुराड्याच्या चुलीवरच होतो. या वेळी स्वयंपाकघरात गेलो की डोळे चुरचुरायचे. आजीचा खोकलाही वाढला होता. सोबत हवा मोजायचं छोटं मीटर होतं. ते चुलीजवळ ठेवलं, तर पीएम २.५ चा आकडा ९९९ वर जाऊन अडकला. त्यापुढे त्याला मोजताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाच्या सरासरीची मर्यादा १५ आहे.

आजी म्हणाली, "काऊन रे, ते खेळणं काय सांगते? धुराडं दम धरून बसलं हाय, एवढं मलेही समजते."

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी चुकीच्याच जागी बग शोधला. लाकडं ओली असतील म्हणून वाळकी आणली. थोडा फरक पडला, पण धूर येतच राहिला. मग धुराडं काम कसं करतं, हे मुळापासून समजून घेतलं.

धुराडं धूर ओढतं कसं?

धुराड्यात पंखा नसतो. गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. हिलाच 'ओढ' म्हणू. बाहेर २० अंश आणि पाइपात सरासरी १५० अंश तापमान असेल, तर ३ मीटर उंच धुराड्यात ही ओढ साधारण ११ पास्कल भरते. वातावरणाच्या दाबाच्या दहा हजारांतला जेमतेम एक भाग! इतक्या नाजूक जोरावर सगळं चालतं, म्हणून छोटासा अडथळाही महागात पडतो.

ओढ तीन कारणांनी कमी होते:

१. काजळी. १० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात सगळीकडून १ सेंटिमीटर थर बसला, तर धुराला जायची जागा ३६ टक्क्यांनी कमी होते.

२. भेगा. मला वाटायचं, भेगेतून फक्त धूर बाहेर येतो. पण ओढ चालू असताना भेगेतून थंड हवा आत शिरते. पाइपातली हवा निवते आणि ओढ आणखी घटते.

३. उंची आणि टोपी. पाइपाचं तोंड छपराच्या आढ्यापेक्षा खाली असेल, तर वारा धूर परत आत ढकलतो. टोपीवर काजळी साचली किंवा पक्ष्याने घरटं केलं तरी तेच होतं.

तपासणी कशी करायची?

चूल पेटलेली असताना जोडांजवळ आणि भेगांजवळ पेटती उदबत्ती फिरवा. तिचा धूर आत ओढला गेला, तर तिथे गळती आहे. मग चूल रात्रभर पूर्ण थंड होऊ द्या. सकाळी राख काढायच्या भोकातून आरसा आणि मोबाइलचा टॉर्च लावून वर बघा. पाइप सरळ असेल, तर वर आकाशाचा गोल तुकडा दिसायला हवा. आमच्याकडे अर्धाही दिसला नाही. जोडाची माती निघालेली होती आणि टोपीची जाळी जवळपास बुजली होती.

सफाई आणि डागडुजी

नाकातोंडाला मास्क लावा, डोळ्यांना चष्मा. चुलीची तोंडं ओल्या पोत्याने झाका. लांब बांबूला चिंध्यांचा घट्ट बोळा बांधून खालून वर फिरवा. खाली पडलेली काजळी गोळा करा. डांबरासारखा चिकट थर दिसला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. तो पेट घेतो, आणि पाइप कवेलूच्या छपरातल्या लाकूड-बांबूंतूनच बाहेर जातो. ओल्या लाकडांनी हा थर वाढतो.

भेगा भरायला माती, शेण आणि भाताचं तूस मळून लावा. आगीजवळ नुसतं सिमेंट टिकत नाही, उष्णतेने तडकतं. लेप पूर्ण वाळल्यावरच चूल पेटवा.

एक मोठी सूचना: जुना राखाडी सिमेंटचा पाइप ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला तारेच्या ब्रशने घासू नका, कापू किंवा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो. तो पाइप, छपरातला जोड आणि झुकलेलं विटांचं धुराडं हे काम जाणत्या मिस्त्रीचं आहे. कवेलूवर स्वतः चढू नका, पाय देताच ते फुटतात.

एवढी उठाठेव कशासाठी?

धुराड्याची चूल आपल्या विदर्भाला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात 'मगन चूल' तयार झाली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये थांबला, तोवर देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या होत्या. पण बसवल्यानंतर त्यांच्याकडे बघणार कोण, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नव्हतं.

रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या हजारो घरांचा चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी धुराड्याच्या चुलींनी धूर कमी झाला. नंतर फायदा उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या आणि दुरुस्त केल्या गेल्या नाहीत. अमेरिकेत एनएफपीए २११ हे मानक वर्षातून किमान एकदा धुराड्याची तपासणी करायला सांगतं आणि ते काम करणारे व्यावसायिकही असतात. आपल्याकडे कवेलू फेरायला माणूस येतो. त्याच दिवशी त्याच्याकडून टोपी आणि छपरातला जोडही बघून घेतला, तर वेगळा खर्च फारसा येत नाही.

सफाईनंतर मीटर पुन्हा लावलं. आकडा ९९९ वरून खाली आला, पण १५ च्या जवळपासही नव्हता. धुराडं साफ असलं तरी चूल ही चूलच. शक्य तेवढा स्वयंपाक गॅसवर करा. आणि थंडीत दारं-खिडक्या बंद करून खोलीत निखारे ठेवून कधीच झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो झोपेतच जीव घेतो.

आजीच्या कॅलेंडरवर आता दोन खुणा केल्या आहेत, एक पावसाळ्याआधी आणि एक दिवाळीआधी. तुमच्या घरी धुराडं असेल, तर आजच आरसा आणि टॉर्च घेऊन एकदा वर बघा. आकाश दिसतंय का?