मनगटावरचे वळ आणि वैद्याचे मौन

जालना औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखाने पाळ्यांमध्ये चालतात आणि घरातील कर्ती माणसे त्या पाळ्यांना बांधलेली असतात. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांसाठी मग पगारी परिचारक ठेवावा लागतो, अथवा वृद्धाश्रम वा शुश्रूषागृह शोधावे लागते. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु तेथे त्यांच्याशी कोण कसे वागतो, हे पाहणार कोण?

काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेतून एका पक्षाघातग्रस्त आजींना आमच्याकडे अभ्यंगासाठी आणले गेले. दोन्ही मनगटांभोवती कंकणाकार वळ होते. ‘पडल्या होत्या,’ असे सोबतच्या बाईंनी सांगितले. आम्ही ते मान्य केले, केसपेपरवर ‘वातव्याधी’ एवढेच लिहिले आणि तेल गरम करावयास सांगितले. पडलेल्या माणसाच्या दोन्ही मनगटांवर सारखेच वळ कसे उठतील, हा प्रश्न आम्हांस रात्री सुचला. त्या आजी पुन्हा आल्या नाहीत.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण सारेच शिकलो आहोत. अभ्यंग आणि स्वेदन यांच्या निमित्ताने रुग्णाचे सर्वांग पाहण्याची जी संधी आपल्याला मिळते, ती घाईच्या बाह्यरुग्ण विभागात सहसा कोणास मिळत नाही. वार्धक्यात त्वचा पातळ होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर हाताच्या बाहेरील बाजूस किरकोळ धक्क्यानेही जांभळे डाग पडतात. त्यावरून कोणावर आळ घेणे अन्यायाचे होईल. दंडाच्या आतील बाजूस बोटांचे ठसे, पाठीवर अथवा कानामागे वळ, निरनिराळ्या काळच्या जखमा एकत्र दिसणे ही गोष्ट वेगळी. माकडहाडावरील दुर्लक्षित शय्याव्रण, कोरडी जीभ, वाढलेली नखे, मूत्राने भिजलेली वस्त्रे ही उपेक्षेची लक्षणे होत. उपेक्षा हाही छळच. (स्वेदनाच्या पोटलीने भाजल्याचा डाग दिसल्यास मात्र आधी आपल्याच पंचकर्म कक्षात चौकशी करावी.)

प्रश्नपरीक्षा रुग्ण एकटा असताना करावी. सोबतचा माणूस प्रत्येक उत्तर स्वतःच देतो काय, तो खोलीबाहेर गेल्यावर वृद्धाचा चेहरा बदलतो काय, हे न्याहाळावे.

औषधी दुकानदार बंधूंच्या दृष्टीस तर आपल्याही आधी काही गोष्टी येतात. एकाच संस्थेकडून जुन्याच चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्यांची मागणी वारंवार होत असेल, तर रात्रपाळीच्या सोयीसाठी वृद्धांना गुंगीत ठेवले जात नाही ना, ही शंका घ्यावी आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात परिचारकास स्थान दिले आणि त्याच्या गुणांत दक्षता व शौच यांबरोबर रुग्णाविषयीचा अनुरागही गणला. तुटपुंज्या वेतनावर बारा-बारा तास राबणाऱ्या एकट्या माणसाकडून तो अनुराग कसा टिकावा, हाही विचार संस्थाचालकांनी करावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेने संकलित केलेल्या पाहण्यांनुसार अशा संस्थांतील तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी, गतवर्षात आपल्या हातून छळाचे वर्तन घडल्याचे स्वतःच सांगितले आहे. तेव्हा हे केवळ एखाद्या दुष्ट माणसाचे कृत्य समजून चालत नाही.

संशय बळावल्यास काय करावे? वळांचे स्थान, आकार, रंग आणि रुग्णाचे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर दिनांकासह लिहावेत. संमतीने छायाचित्र घ्यावे. ज्येष्ठांसाठीची विनामूल्य हेल्पलाईन १४५६७ आहे. जीवास धोका असल्यास ११२. असहाय व्यक्तीची शुश्रूषा करण्याचा कायदेशीर करार स्वेच्छेने मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मुलांनीच आईवडिलांना टाकून दिले असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २४ लागू होते; निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. तक्रार झाली आणि वृद्ध त्याच हातांत राहिला, तर राग त्याच्यावरच निघतो. म्हणून संस्थेस जाब विचारण्यापूर्वी विश्वासातील नातलगास गाठावे आणि रुग्णाला उपचाराच्या निमित्ताने दोन दिवस अन्यत्र दाखल करता येईल काय, ते आधी पाहावे.