शेवटची पेटी दोघांना कशी विकली जाते?

“सर, रेडिस सिंगल थ्रेडेड आहे. एका वेळी एकच कमांड चालते. मग टक्कर होईलच कशी?”

रत्नागिरीत घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करणाऱ्या मुलांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की प्रश्न संपायच्या आत कागद पुढे ओढतो. रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवणारी, कॅश म्हणून वापरली जाणारी यंत्रणा. तिच्याबद्दलचा पहिला भाग खरा आहे. २०२० च्या सहाव्या आवृत्तीपासून नेटवर्कच्या कामाला जादा थ्रेड लावता येतात, तरी कमांड एकामागून एकच चालतात. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

एप्रिल महिना. हापूसच्या ऑनलाइन दुकानात शिल्लक पेट्या १२, आकडा कॅशमध्ये, म्हणजे रेडिसमध्ये. बोरिवलीचं आणि कोथरूडचं गिऱ्हाईक एकाच क्षणी बटण दाबतं. एकाचा सर्व्हर कॅशला विचारतो, किती? १२. दुसऱ्याचा विचारतो, किती? १२. दोघेही आपापल्या मेमरीत एक वजा करतात आणि दोघेही ११ लिहून मोकळे होतात. चारही कमांड शिस्तीत, एकापाठोपाठ एक चालल्या. पेट्या गेल्या दोन, हिशेबात कमी झाली एक. घोळ झाला तो वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत. ती फट क्लायंटमध्ये आहे, रेडिसला तिचा पत्ताही नसतो.

म्हणून शक्य असेल तिथे वजाबाकी क्लायंटमध्ये करूच नये. ‘एक वजा कर’ अशी कमांड रेडिसमध्येही आहे आणि मेमकॅश्ड या दुसऱ्या कॅशमध्येही. गंमत पुढे आहे. रेडिसचा आकडा शून्याखाली उतरतो, त्यामुळे उत्तर उणे आलं की पेटी संपली हे कळतं. मेमकॅश्ड शून्यावरच थांबतो. शेवटची पेटी घेणाऱ्याला शून्य मिळतं, त्याच्या मागून आलेल्यालाही शून्यच, आणि पेटी आपलीच असं दोघांनाही वाटतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचतो कोण!

नुसता आकडा नसून गिऱ्हाइकाची अख्खी यादीच बदलायची असेल तर मेमकॅश्डचं ‘कॅस’ वापरायचं. ‘गेट्स’ने वाचलं की मजकुरासोबत एक क्रमांक येतो. लिहिताना तो परत द्यायचा. मधल्या वेळात कुणी बदल केला असेल तर ‘एक्झिस्ट्स’ असं उत्तर येतं आणि लिखाण नाकारलं जातं. मग पुन्हा वाचा, पुन्हा हिशेब करा, पुन्हा लिहा. हे क्लायंटनेच करायचं असतं. एका कोडमध्ये मी ‘कॅस’ पाहिलं, पण उत्तर कुणी तपासतच नव्हतं. लिखाण नाकारलेलं आणि गिऱ्हाइकाला मेसेज गेलेला, ‘ऑर्डर मिळाली’.

रेडिसमध्ये हेच काम ‘वॉच’, ‘मल्टी’, ‘एक्झेक’ करतात: वॉचने नजर ठेवायची, मल्टीने कमांड रांगेत लावायच्या, एक्झेकने चालवायच्या; मधे कुणी बदल केला असेल तर एक्झेक काहीच चालवत नाही. पण वॉच कनेक्शनला बांधलेलं असतं. दहा थ्रेड एकच कनेक्शन वाटून वापरत असतील, तर एकाच्या एक्झेकने दुसऱ्याचंही वॉच सुटतं.

“मग रेल्वेकडे पण कॅश आहे ना? तिथे कुठे घोळ होतो?” गणपतीच्या तिकिटासाठी सकाळी आठला फोन घेऊन बसणाऱ्या गावात हा प्रश्न येणारच. खरंच आहे. २०१४ साली आयआरसीटीसीसाठी रेल्वेच्याच क्रिस या संस्थेने उभी केलेली नवी यंत्रणा जेमफायर या वितरित कॅशवर होती, आणि मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटांची क्षमता रेल्वेने जाहीर केली होती. पण बर्थ कुणाचा, हे आरक्षणाच्या मूळ यंत्रणेत, पीआरएसमध्ये ठरतं. पुढची गर्दी कॅश झेलते. तुमच्याही दुकानात शेवटचा शब्द डेटाबेसचा असू द्या: ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक वजा कर’, आणि ओळ खरंच बदलली का ते बघा.

बाकीचे गैरसमज झटपट. पाइपलाइन, म्हणजे अनेक कमांड एकदम पाठवणं, हे ट्रान्झॅक्शन आहे? नाही, फक्त फेऱ्या वाचतात; मधे दुसऱ्याची कमांड घुसू शकते. एक्झेकमधली एक कमांड फसली तर बाकीच्या मागे फिरतात? रेडिसमध्ये रोलबॅक नाही. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही? झालंही असेल, उत्तर वाटेत हरवलं असेल. ‘एक वजा कर’ डोळे मिटून पुन्हा पाठवलंत तर दोन पेट्या जातील. मुदतीचं लॉक लावलं की निर्धास्त? लॉकवाला प्रोग्राम मधेच थबकला, मुदत संपली, दुसऱ्याने लॉक घेतलं आणि पहिला जागा होऊन लिहायला लागला, तर? मार्टिन क्लेपमन यांनी २०१६ साली नेमकं हेच मांडलं: लॉकसोबत वाढता क्रमांक द्या आणि जुना क्रमांक घेऊन येणाऱ्याला साठवणुकीनेच नाकारावं. रेडिसचे जनक साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी त्यांचा प्रतिवाद केला. वाचायचं तर दोघांचंही वाचा.

परवा एकाला म्हटलं, शिल्लक १०० ठेव आणि तुझ्याच कोडने १०० थ्रेडना एकदम एकेक पेटी घ्यायला लाव. शेवटी ३७ उरल्या. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला, मग म्हणाला, “सर, रेडिसमध्येच बग असेल का?”