एक छेद, सगळी भिंत

जुन्या इमारतींच्या भिंतींवर, छपराखाली किंवा दोन मजल्यांच्या सांध्यावर आडवे कंगोरे धावताना दिसतात. संगणकावर इमारत उभी करताना ही सगळी लांबी कोणी हाताने घडवत बसत नाही. कंगोरा मधोमध कापला तर जी आकृती दिसेल, तो छेद एकदा काढायचा आणि भिंतीच्या कडेने ओढत न्यायचा. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय ‘वॉल स्वीप’ नावाने आहे, स्केचअपमध्ये ‘फॉलो मी’. गिलाव्याचे कारागीर पूर्वीपासून हेच करत आले: पत्र्यात कापलेला फर्मा ओल्या गिलाव्यावरून पुन्हा पुन्हा ओढायचा, की कंगोरा तयार.

छेदाची रेषा बंद हवी. एक टोक सुटं राहिलं तर घनाकार बनतच नाही. खरी कसोटी कोपऱ्यावर लागते. काटकोनात दोन कंगोरे भेटतात तिथे प्रत्येकाला ४५ अंशांचा काप लागतो. तो सॉफ्टवेअर करून देतं. पण खिडकीपाशी कंगोरा सरळ तोडायचा की भिंतीकडे वळवून संपवायचा, हे आपणच ठरवायचं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक बारकावा. बाहेरच्या कंगोऱ्याच्या तळाशी, पुढच्या कडेच्या जरा आत, एक बारीक खाच ठेवतात. पावसाचं पाणी तिथे अडतं, थेंब होऊन गळतं आणि भिंतीपर्यंत पोचत नाही. कोकणासारख्या पावसात ही खाच नसली की भिंतीवर काळे ओघळ आलेच. नक्षीच्या नादात ती राहून जाते. म्हणून छेद काढायला बसाल तेव्हा आधी ती खाच काढा, वळणं नंतर.