उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर? आधी माणसं, मग रस्ता, मग दुरुस्ती

सुरत / नवापूर (प्रतिनिधी) : दिवाळी उरकली की धुळे, नंदुरबार आणि डांगातली ऊसतोड कुटुंबं कोयता, भांडीकुंडी, लेकरं-बाळं घेऊन बारडोली, मढी, चलथाण, सायणच्या वाटेला लागतात. मार्च-एप्रिलपर्यंत सुरत जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या दिसतात. त्यातली एखादी रोज कुठे ना कुठे बंद पडतेच. टायर बसतो, बेअरिंग जातं, हूकची पिन तुटते. यात नवल काही नाही, यंत्र आहे, बिघडणारच. पण बिघाडाने माणूस मरत नाही. माणूस मरतो तो बिघाडानंतर रस्त्यावर अंधारात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीमुळे.

मागच्या हंगामातली गोष्ट. मढीकडच्या आतल्या रस्त्याने मोटरसायकलवर येत होतो. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. समोरून येणाऱ्या ट्रकच्या लाइटने डोळे दिपले आणि तो ट्रक बाजूने गेला तर पुढ्यात एकदम काळी भिंतच. उसाने भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गाडी कशीबशी चार हातांवर थांबली. एक जण जॅक लावून चाकाखाली शिरलेला आणि वर उसावर दोन बाया एका लेकराला घेऊन झोपलेल्या. चालकाला म्हटलं, "दादा, अशी मधोमध कशी काय उभी केली?" तो म्हणाला, "भाऊ, ट्रॉली सोडीसन कथा जाऊ?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

घाई कशाची असते?

ऊस तोडला की त्याचं वजन घटायला लागतं आणि साखरही उतरत जाते. तोडणी आणि वाहतूक दोन्हीचा हिशोब टनावर. म्हणजे ट्रॉली रात्रभर रस्त्यात राहिली की काट्यावर वजन कमी, पुढची खेप बुडाली आणि मेकॅनिकचे पैसे वेगळे. तोडणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते, तीही टनावरच फिटते. त्यामुळे चालक जिथे ट्रॉली बंद पडली तिथेच दुरुस्तीला बसतो. बाजूला घ्यायला दहा मिनिटं जातात म्हणून घेत नाही, आणि ट्रॉली सोडून हलत नाही.

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून हिशोबाच्याच भाषेत सांगतो. एका खेपेचं नुकसान काही हजारांत असतं आणि ते पुढच्या आठवड्यात भरून निघतं. मागून एखादी गाडी धडकली तर दोन घरं उठतात, आणि ते नुकसान कुठल्याच हंगामात भरून निघत नाही.

जानेवारी २०२१ मधली कोसंब्याजवळची घटना सुरतेतल्या लोकांना आठवत असेल. कीम-मांडवी रस्त्यावर मध्यरात्री एक ट्रक उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला लागला, चालकाचा ताबा गेला आणि ट्रक रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर चढला. १५ जण गेले, बहुतेक राजस्थानातल्या बांसवाड्याकडचे. तिथली ट्रॉली बंद पडलेली नव्हती, चालती होती. चालत्या ट्रॉलीला लागून एवढं होत असेल, तर अंधारात उभी असलेली ट्रॉली काय करील याचा विचार करा.

पहिली दहा मिनिटं

ट्रॉली ओढताना आवाज बदलला, ट्रॅक्टर एका बाजूला ओढायला लागला किंवा जळका वास आला, की तिथेच ब्रेक मारू नका. टायर बसला असेल तरी हळूहळू पुढे नेऊन डावीकडे कडक जमीन, पेट्रोलपंप किंवा ढाब्याचं आवार गाठा. टायर फाटेल, फाटू द्या. वळणावर, पुलावर आणि चढाच्या माथ्याअलीकडे मात्र थांबू नका. मागच्याला तुम्ही दिसतच नाही.

थांबल्यावर ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि ट्रॉलीच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चढावर असाल तर चाकाच्या मागून, उतारावर असाल तर पुढून. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर असतो, हे विसरू नका.

त्यानंतर माणसं खाली. उसावर झोपलेल्या बाया, लेकरं, म्हातारी माणसं सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब, शेताच्या बांधाकडे बसवा. ट्रॉलीच्या मागे किंवा खाली सावलीला कोणी बसायचं नाही. थंडी असली तरी नाही.

मग मागच्याला दिसेल अशी खूण. इथे अंतराचा हिशोब समजून घ्या. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाला दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर तिथेच संपले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही जवळपास तेवढंच अंतर लागतं. एकूण ७० मीटर. भरलेल्या ट्रकला तर याहून जास्त. म्हणून ट्रॉलीला टेकवून ठेवलेल्या त्रिकोणाचा काही उपयोग नाही. मागे निदान शंभर पावलं चालत जा आणि तिथे त्रिकोण ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. दुसरा माणूस टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला, खाली उतरून उभा राहील. ट्रॉलीच्या मागे नव्हे.

त्रिकोण नसेल तर आपले लोक झाडाच्या फांद्या आणि दगड मांडतात. फांद्या ठीक आहेत, दगड नकोत. आणि निघताना फांद्याही उचला. ट्रॉली निघून जाते, दगड तसेच राहतात, आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर पडतो.

दुरुस्ती करताना

ट्रॉली दोन चाकांची की चार चाकांची, हे आधी बघा. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हूकवर असतो. भरलेली ट्रॉली टेकू न देता सोडवली, तर पुढे वजन जास्त असल्यास दांडी धाडकन खाली येते, मागे वजन जास्त असल्यास उसळून वर जाते. दोन्ही वेळेस जवळचा माणूस सापडतो. म्हणून पिन काढण्याआधी दांडीखाली मजबूत टेकू द्या. शक्य असेल तर भरलेली ट्रॉली सोडवूच नका.

जॅक नुसत्या मातीवर लावू नका, खाली रुंद फळी घ्या. नट आधी सैल करा, मग चाक उचला. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, एक्सलखाली ठोकळे हवेतच. ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस असतो, जॅक सरकला तर हात काढायलाही वेळ मिळत नाही. चाक बसवल्यावर काही किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा.

बेअरिंगचा बिघाड आधी कळतो. खेप झाली की हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर ग्रीस संपलं आहे किंवा बेअरिंग जायला आलं आहे. तसंच दामटलं तर चालत्या ट्रॉलीचं चाक निघतं. हूकला पिनच्या जागी सळई किंवा बोल्ट घालायची सवय सोडा. पिनला लॉक हवं आणि सोबत साखळी हवी, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली सुटत नाही.

घाट उतरताना, मग तो विसरवाडी-दहिवेलमधला कोंडाईबारी असो की डांगातला, न्यूट्रल करू नका. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल रस्त्यावर एकमेकांना जोडलेले हवेत. शेतात वळताना वेगळे केलेले तसेच राहिले, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो.

फोन कुणाला?

हजिऱ्यापासून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, साक्रीमार्गे धुळ्याकडे येणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक, पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे तिन्ही महाराष्ट्रात आणि गुजरातमध्येही चालतात. सीमेवरच्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवापूर-उच्छल पट्ट्यात मोबाइल कधी या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या. फोन दुसऱ्याच राज्यात लागू शकतो. म्हणून पहिल्या वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका सांगा, मग जवळचं गाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. भाषेची काळजी नको, हिंदीत सांगितलं तरी काम होतं.

जखमी असेल तर मदतीला येणाऱ्याला अडवू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं, त्यानुसार चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा कॅशलेस उपचार मिळतो.

कागद बघून ठेवा

याच कायद्याचं कलम १२२ सांगतं की वाहन किंवा ट्रॉली दुसऱ्याला धोका होईल अशी सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. 'बंद पडली होती' एवढं सांगून सुटका होईलच असं नाही. तुम्ही खूण ठेवली होती का, बाजूला घेतली होती का, हे विचारलं जातं. म्हणून मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, त्यात त्रिकोण दिसला पाहिजे.

दुसरं, ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचा आहेच असं समजू नका. पॉलिसीत ट्रॉलीची नोंद आहे का ते वाचून घ्या. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. वर बसलेल्या मजुरांचं काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते. ट्रॅक्टरमालकांनी आणि मुकादमांनी हे आत्ताच बघावं. मजुरांना न्यायला वेगळं वाहन केलं तर त्याचा खर्च या जोखमीपुढे किरकोळ आहे.

ट्रॉलीसोबत एवढं ठेवा

दोन त्रिकोण, एक चार्ज केलेला टॉर्च, चार लाकडी ठोकळे, जॅक आणि रुंद फळी, चाकपाना, जादा पिन लॉकसह, ग्रीस. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर पट्टी. ऊस मागे लोंबून पट्टी झाकली जाते, म्हणून मागे लोंबणाऱ्या शेवटच्या मोळीला लाल कापड आणि एक रिफ्लेक्टर बांधा. हे सगळं सामान मिळून एका टायरपेक्षा स्वस्त पडतं.

त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून ती ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून शेताच्या फाट्यावर घेतली. बाया खाली उतरल्या, लेकरू झोपेतच होतं. मागे माझी मोटरसायकल इंडिकेटर चालू ठेवून उभी केली. चाक बदलायला तासभर लागला. ट्रॉली काट्यावर उशिरा पोहोचली असेल, वजनही थोडं घटलं असेल. पण पोहोचली.